कित्ता, कित्ता, आणि एक ओळ

परत आल्यापासून नळावर, गिरणीत, सगळ्या बायका तेच विचारतात, तिकडं खातात काय, मराठी बोलणारं कोण भेटतं का गं, आणि मी सांगायला लागले की सगळं एकदमच तोंडातनं यायला बघतं आणि काहीच नीट सांगून होत नाही. म्हणून वाचनालयाच्या मॅडम म्हणाल्या, लिहून काढ. मी म्हणलं, मॅडम, मी नववीतनं शाळा सोडलेली. त्या म्हणाल्या, बोलतीस तसं लिही. तर हे बोलते तसंच लिहिलंय, चुकलं तर समजून घ्या.

आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईत, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून चोख करायचं काम, त्यासाठी कुठं कुठं जाऊन राहिलेली. आमचे हे तंजावरला एका शेठच्या भट्टीवर असतात. स्वरा झाली तेव्हा बारशाला दोन दिवस आले तेवढेच. ती आठ महिन्यांची झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, जा एक महिनाभर, पोरीला बाप दिसू दे. मला आनंद झाला का भीती वाटली, काय सांगता येत नाही. मी मिरजेच्या पलीकडं कधी गेले नव्हते.

हे न्यायला आले. गाडीचं फार सांगत नाही. मला गाडीच्या दाराची भीती, पाण्याची भीती, पोरीला कोण उचलून नेईल ह्याची भीती, म्हणून मी तिच्या कमरेच्या करदोट्याला माझा पदर गाठ मारून ठेवलेला. हे हसले, म्हणाले, "अगं, तिला लघवीला न्यायची तर तुला पण यावं लागंल." बंगळूरच्या पुढं वरच्या बाकावर ठेवलेली ज्वारीच्या पिठाची पिशवी फुटली आणि खाली झोपलेल्या एका मिशीवाल्या माणसाच्या तोंडावर सगळं पीठ. मी भिऊन रडायलाच लागले. तो उठून बसला, हातानं तोंड पुसलं, बोट चाटून बघितलं आणि काहीतरी म्हणला. ह्यांनी मला सांगितलं, ते विचारतायत, मीठ कुठंय.

घर

सकाळी सकाळी पोचलो. राजवाड्याच्या मागच्या बाजूला एक गल्ली, दोन मजली सिमेंटचं घर, खालच्या दोन खोल्या आमच्या आणि वर मालक. दारात एक बाई वाकून पांढरी रांगोळी काढत होती, ठिपक्यांतनं दोरा ओवल्यासारखी, आणि मी डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, खाली न बघता थेट त्या रांगोळीत पाय दिला. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी शिव्या.

त्या बाईनं वर बघितलं आणि म्हणाली, "पुसलें तर पुसलें, उद्यां दुसरें काढूं. आंत ये गे बाई, मूल उन्हांत नको."

मराठी. पण कसली मराठी, ऐकायला कीर्तनातल्यासारखी आणि सूर पार तिकडचा, शेवटाला वर जाणारा. मी तिथंच उंबऱ्यावर रडले. दोन दिवस कानावर आपलं एक अक्षर पडलं नव्हतं, ह्यांचं सोडून.

त्या तुळसामामी. त्यांचे यजमान शिवाजीरावमामा, सरकारी कचेरीत कारकून होते, आता पेन्शनीत. तिकडं घरमालकाला मामा-मामीच म्हणतात. मामांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तिकडं गेले ते तिथलेच झाले. घरात मराठी बोलतात पण बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, वाचता येत नाही, तमिळ वाचतात. त्यांची नातवंडं चेन्नईला, त्यांना मराठी कळतं पण उत्तर देतात तमिळमध्ये. मामी म्हणाल्या, "कानाला मराठी, तोंडाला तमिळ, आणि हाताला मोबाईल."

मी राहिलेल्या पिठाची भाकरी केली तर दोघं चुलीपाशी येऊन उभे. मामा म्हणाले, "भाकरी म्हणतात ती हीच काय? आमचे वाडवडील हीच बांधून घोड्यावरून आले?" एक तुकडा बराच वेळ चावला. मग म्हणाले, "घोडा लागला असेल तो हिच्यामुळेंच. पायीं चालून पचणार नाहीं."

मामी म्हणतात सांबार आणि मी म्हणते आमटी, त्यात आमसूल घालतात ते मला आवडलं. सकाळची कॉफी मात्र सोडवेना, पितळी पेल्यातनं वाटीत आणि वाटीतनं पेल्यात, हातभर उंचावरनं. मी ओतायला गेले आणि अर्धी पायावर. आता इथं चहा पिताना त्या कॉफीचा वास नाकात येतो.

राजवाडा

हे सकाळी आठला भट्टीवर जायचे ते संध्याकाळीच. चौथ्या दिवशी मामी म्हणाल्या, पोर घेऊन घरांत किती बसशील, चल, राजवाडा दाखवतें. मामा पुढं छत्री घेऊन, मागं आम्ही.

मोठे चौक, उंच बुरुजासारखी इमारत, कबुतरं, जुन्या दगडाचा गारवा. एका बंद दारापाशी मामा थांबले. मला म्हणाले, ऐक. आणि सांगितलं ते असं, की इथला शेवटचा राजा वारला, मुलगा नव्हता, म्हणून कंपनी सरकार म्हणालं आता राज्य आमचं. दवंडी पिटली. साहेब आला, शिपाई दारादारांत उभे केले. "पण गे, त्यानें तोफ नाहीं आणली," मामा म्हणाले. "लाख आणली. लाख, दोरी, मेणबत्ती आणि मोहोर. आणि कारकून बसवले, खोली खोली उघडा, काय काय आहे तें लिहा, दार लावा, मोहोर करा. असा त्याचा कायदा सुरू झाला."

त्या कारकुनांत मामांचे पूर्वज रंगोजीपंत होते. त्यांना साहेब म्हणाला लिही. त्यांनी हातातला बोरू मोडला आणि साहेबाच्या पायाशी टाकला. म्हणाले, ज्या घरचें मीठ खाल्लें त्या घराची याद मी लिहीत नाहीं. याद म्हणजे यादी.

सांगताना मामांचा आवाज बदलला. मामी मला हळूच म्हणाल्या, त्यांच्या घराला गल्लीत "बोरूचें घर" म्हणतात. मोडलेला बोरू देवघरात चांदीच्या डबीत आहे. वर्षातनं एकदा गल्लीतली सगळी मराठी घरं मारुतीच्या देवळात जमतात आणि पहिला नारळ बोरूच्या घरानं फोडायचा, हा मान.

मग पुढच्या दालनात काचेखाली जुने कागद होते. स्वरा कुरकुरत होती. मी तिला खेळवायला काचेवर बोट फिरवत म्हणायला लागले, "बघ बघ, आंबे आलेत, पेटीत दोन डागी निघाले, दोन डागी." रखवालदार ओरडला, काचेला हात लावू नका. मी दचकून हात काढला. वळले तर मामा माझ्याकडं बघत उभे.

"तूं हें वाचतेस?"

मला वाटलं काही गुन्हा झाला. मी म्हणलं, "थोडं थोडं, मामा. मोडी आहे. आमच्या दादांचं बघून."

मामा छत्री उघडायची विसरून तसेच उन्हातनं घरापर्यंत चालत आले.

दादा

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील, आम्ही दादा म्हणायचो, तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून बसायचे. जमिनीचे जुने मोडी कागद घेऊन माणसं यायची, दादा वाचून बाळबोधीत लिहून द्यायचे. मग त्यांची नजर गेली, आणि शाळा सुटली की मी भिंग घेऊन बसायची, मी वाचायचं, त्यांनी लिहायचं. मोडीत आधी ओळभर रेघ मारतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द कुठं संपला कळतच नाही, वाळत घातलेली कापडं एकाला एक चिकटल्यासारखं. मला ते आवडायचं. लिंबाच्या काड्या टेबलावर पडायच्या, आणि दादांच्या सदऱ्याला शाईचा वास.

दादांचे नेम होते. कागद तीनदा मनात वाचायचा, मग तोंडात. शेवटची ओळ आधी बघायची नाही. आणि कागदात आहे तेवढंच सांगायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, त्यातलं काढायचं नाही.

मी एकदा घातलं होतं. एक विधवा बाई आली होती, पोर कडेवर, कागदात तिच्या सासऱ्याचं नाव असावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली. नव्हतं. मला तिची दया आली आणि मी नाव वाचलं. बारा वर्षांची होते. ती बाई कोर्टात जाऊन सगळ्यांसमोर खोटी पडली. दादांनी मला मारलं नाही. ते आंधळ्यासारखे काठी टेकत तिच्या गावाला गेले, तिच्या दारात उभं राहून माफी मागितली, आणि मला बरोबर नेलं. त्या बाईचं तोंड मला अजून दिसतं.

मागच्या वर्षी दादा गेले. भिंग माझ्याकडं आहे. तंजावरला पण नेलं होतं, कशाला नेलं ते माहीत नाही, नुसतं पोरीच्या टोप्यांच्या खाली ठेवलेलं.

ओरत्तनाडु

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, ओरत्तनाडूला चला, छत्र दाखवतों. बसमधनं जाताना दोन्ही बाजूला भाताची हिरवी खाचरं, कालवे, नारळी, सायकलवर केळीचे घड. आमच्याकडं पाणी म्हणलं की टँकर डोळ्यापुढं येतो आणि तिकडं पाणी रस्त्याच्या कडेनं आपलं आपलं चाललेलं, कुणाला विचारत नाही. शेजारच्या बाईनं न विचारता स्वराला उचलून मांडीवर घेतलं, "पापा, पापा" करत. तिकडं बाळाला पापा म्हणतात. मी त्या बाईच्या पदराचं टोक धरून बसले. उतरताना तिनं पोर परत दिली, हातात केळं देऊन.

छत्र म्हणजे धर्मशाळा, दगडी, लांबलचक, खांबच खांब. मामा म्हणाले, मराठ्यांच्या राज्यात इथं वाटसरूला जेवण मिळायचं, बाळंतिणीला औषध-तेल, आई नसलेल्या मुलाला दूध. मी खांबाला टेकून स्वराला पाजलं. किती बाया बसल्या असतील ह्याच खांबाला टेकून, माझ्यासारख्या भ्यालेल्या.

मामी नळावर पाणी आणायला गेल्या. मामा छत्री मिटून शेजारच्या पायरीवर बसले, माझ्याकडं पाठ करून, आणि बोलायला लागले.

"नोकरींत मींही मोहोर केली आहे. एका तालुक्यांत, कुठल्या तें राहूं दे. कालव्याच्या काठीं घर होतें एक, काढायचा हुकूम होता. वरचा साहेब मोटारींत बसलेला. मीं आंत गेलों, यादी लिहिली. चूल पेटलेली, वर भात रटरटत होता. ती बाई म्हणाली, अय्या, रावसाहेब, भात होऊं द्या. मीं लिहिलें, भांडें एक. आणि दार लावून मोहोर केली."

 स्वरा पिता पिता थांबली.

"तिचा भात आंतच राहिला," मामा म्हणाले. "त्या रात्रीं मला जेवण गेलें नाहीं. मग देवघरांत जाऊन डबी उघडली, बोरू पाहिला. म्हटलें, आपल्या हातून नाहीं झालें, पण आपल्या घरांत एक मनुष्य होऊन गेला. त्याच्यावर मीं इतकीं वर्षें काढलीं, बाई."

मग सांगितलं, बोरूच्या डबीखाली एक कागद आहे. तांबड्या फडक्यात. घरात सगळे म्हणतात तो रंगोजीपंतांचा नकार आहे, साहेबाला लिहून दिलेला. कुणी वाचलेला नाही. ह्या वर्षी त्यांचे चुलतभाऊ वेंकटराव चारचौघांत म्हणाले, दर वर्षी नारळ फोडतोस, एकदा कागद तर दाखव.

"वाचशील?"

मी म्हणलं, "मामा, इथं मोडी वाचणारी मोठी माणसं असतील की. मी नववी."

तेवढ्यात मामी आल्या. त्यांनी ऐकलं होतं. "असतील नव्हे, आहेत," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षें मीं सांगतें, त्यांना दाखवा. छत्री घेऊन निघतात आणि कोपऱ्यावरून परत येतात. भितात."

मला बरं वाटलं. एवढा मोठा माणूस, तो पण भितो.

कागद

मारुतीच्या देवळात जमायचा दिवस दोन दिवसांवर होता. दुपारी मामांनी तांबडं फडकं माझ्यापुढं ठेवलं आणि जिन्यानं वर निघून गेले. तीन ताव, एकाला एक शिवलेले. मी हात धुतले, पुसले, परत धुतले. भिंग काढलं.

आणि मी भीतीनं शेवटची ओळ आधी बघितली.

"बकलम रंगो लक्ष्मण."

बकलम म्हणजे ज्याच्या हातानं लिहिलंय तो. नकार नव्हता तो. वर बघितलं तर "याद," आणि खाली खोल्यांची नावं. रंगोजीपंतांनी बोरू मोडला नव्हता. सगळं लिहिलं होतं, तीन ताव भरून, सुरेख अक्षरात.

 मी कागद मिटला. मामा जिन्यात उभे होते, वर गेलेच नव्हते.

"काय आहे?"

"लागत नाही, मामा," मी म्हणलं. "अक्षर पुसट आहे."

ते म्हणाले, "सेरि," म्हणजे बरं, आणि वर गेले. त्यांच्या पावलांत मला वाटलं सुटल्यासारखं पण आहे आणि पडल्यासारखं पण आहे. आणि मला त्या विधवा बाईचं तोंड दिसलं. तेव्हा घातलं होतं, आता काढत होते. दोन्ही एकच.

संध्याकाळी हे आले. ह्यांना सांगितलं तर हे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तू सांगितलंस तर म्हाताऱ्याचं मन मोडतंय. नाही सांगितलंस तर तुझं. तुझ्या दादांनी काय केलं असतं?" मी म्हणलं, दादांनी आधी तीनदा वाचलं असतं. हे म्हणाले, "मग तू किती वाचलंस?"

मी शेवटची एक ओळ वाचली होती, वरचं नुसतं चाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी तुळईला साडीची झोळी बांधून दिली, तिकडं बाळाला तसंच निजवतात. स्वरा त्यात निजली. मी एका पायानं झोळी हलवत, मांडीवर कागद घेऊन पहिल्यापासून वाचायला लागले.

कंटाळवाणं होतं. पहिल्या ओळीत, अमकी खोली, सतरंज्या इतक्या, समया इतक्या, मोहोर केली. दुसरी खोली, पेट्या, कित्ता. कित्ता म्हणजे वरच्यासारखंच, परत लिहायचा कंटाळा आला की लिहितात. तिसरी, कित्ता. शस्त्रं, कित्ता. भांडी, कित्ता. देवांची वस्त्रं, कित्ता. एका तावाला कित्ताच कित्ता, जणू कानात लाख ओततंय कोणी. मला तो माणूस दिसायला लागला, साहेब मागं उभा, पुढं मेणबत्ती, आणि हा मान खाली घालून लिहितोय, कित्ता, कित्ता. दादा पण असेच मान खाली घालून बसायचे.

पहिल्यांदा वाचलं, काही नाही. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्या वेळी मधल्या तावाच्या घडीवर, जिथं कागद काळा पडलाय, तिथं कित्ता नाही असं दिसलं. तिथं रेघ लांब होती. मी भिंग धरलं. अक्षर अक्षर सोडवलं.

मग मी झोळी हलवायची थांबले.

मी मामांना हाक मारली. मामी पण आल्या, ओले हात पुसत. मी म्हणलं, "मामा, काल मी खोटं बोलले. अक्षर पुसट नाही. हा नकार नाही, यादी आहे, आणि रंगोजीपंतांनीच लिहिलीय, खाली नाव आहे त्यांचं." एका दमात म्हणलं, नाहीतर परत राहिलं असतं.

मामा खाली बसले. फरशीवर, पेन्शनीतला माणूस, मांडी घालून. 

मग मामी म्हणाल्या, "पण बोरू तर मोडलेला आहे."

मामा म्हणाले, "लिहून लिहून मोडला असेल."

आणि हसले, पण ते हसणं बघवेना.

मी म्हणलं, "मामा, अजून आहे. तीनदा वाचलं तेव्हा दिसलं." आणि ती ओळ वाचली, दादांनी शिकवली तशी, पदरचं काही न घालता.

"आंतली खोली. पाळणा लाकडी एक. मूल निजलें आहे, सबब मोहोर केली नाहीं."

मामा म्हणाले, पुन्हा. मी पुन्हा वाचलं. म्हणाले, पुन्हा. चौथ्यांदा वाचताना त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग ते उठले, झोळीपाशी गेले, आत निजलेल्या स्वराकडं बघत राहिले. हात लावला नाही.

मारुतीचं देऊळ

मंडपात सत्तर-ऐंशी माणसं. बायका जरीच्या साड्यांत, केसांत मोगरा, आणि सगळ्यांच्या तोंडी अर्धं मराठी, अर्धं तमिळ. वेंकटराव म्हणजे उंच, कपाळाला गंध, आवाज मोठा. मामांना बघून म्हणाले, "आला काय बोरू? कागद आणला कीं ह्या वर्षींही वाळवीनें खाल्ला?"

माणसं हसली. मामा म्हणाले, "आणला. आणि वाचणारीही आणली."

मला ढकलून पुढं उभं केलं. मी आयुष्यात चार माणसांसमोर कधी बोलले नव्हते, शाळेत कविता म्हणताना मी मधेच पळून गेलेली. स्वरा मामींच्या खांद्यावर झोपलेली. मी मामांकडं बघून हळू विचारलं, "सगळं?"

"सगळें. वरपासून खालपर्यंत. नांवासकट."

मी सगळं वाचलं. सतरंज्या, समया, कित्ता, कित्ता. माणसं आधी कुजबुजत होती, मग गप्प झाली, मग कित्ता आलं की पोरं हसायला लागली, मग पोरं पण गप्प झाली. ती ओळ आली. मी थांबले नाही, जोर पण दिला नाही, तशीच वाचली. पुढं परत कित्ता, कित्ता. आणि शेवटी, बकलम रंगो लक्ष्मण.

वेंकटराव म्हणाले, "म्हणजे लिहिलें त्यानें."

"लिहिलें," मामा म्हणाले. "माझ्यासारखेंच लिहिलें. मागें साहेब उभा असतां एक खोली सोडली. मला एक भांडें सोडतां आलें नाहीं." आणि नारळ उचलून वेंकटरावांच्या हातात दिला. "मान बोरू मोडण्याचा होता. तो त्यानें मोडलाच नाहीं. तूं फोड."

वेंकटराव नारळ हातात घेऊन नुसते उभे.  मग पायरीवर आपटला, फुटला नाही. परत आपटला, नाही. तिसऱ्यांदा पण नाही. मागनं एक म्हातारी तमिळमध्ये काहीतरी म्हणाली आणि सगळे खोखो हसले. मी मामींना विचारलं, काय म्हणाल्या? मामी म्हणाल्या, "हळू आपट म्हणते, मूल निजलें आहे."

स्वरा खरंच झोपलेली होती. वेंकटरावांनी मामांचा हात ओढून नारळावर ठेवला आणि दोघांनी मिळून आपटला, तेव्हा फुटला. पाणी सगळं माझ्या साडीवर.

परत

महिना झाला आणि आम्ही दोघी निघालो, ह्यांनी मिरजेपर्यंत आणून सोडलं आणि ते परत गेले. निघताना मामींनी उंबऱ्यात रांगोळी काढली होती. मी ह्या वेळी उडी मारून ओलांडली तर त्या म्हणाल्या, "पाय दे गे. पहिल्या दिवशीं दिलास तसा." मी दिला. बुडाला पांढरं पीठ लागलेली ती चप्पल अजून मी धुतली नाही.

दादा असते तर हे सगळं त्यांना लिंबाखाली बसून सांगितलं असतं. शेवटची ओळ आधी बघितली म्हणून रागावले असते, मग ती मधली ओळ परत परत वाचायला लावली असती.

आता मामा दर रविवारी दुपारी फोन करतात. मी फोन उचलला की पहिलं तेच विचारतात, "मूल निजलें आहे काय?"

मी म्हणते, "हो मामा, आत्ताच निजली."

"मग राहूं दे," म्हणतात, आणि फोन ठेवतात.